चावी न लागणारं घड्याळ

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. माझ्या थोरल्या साडूने, म्हणजे दादांनी, तेही आणलं होतं, आणि मनगटावर बांधलं होतं.

घड्याळ तसं बरं होतं. सेलवर चालणारं, वार, तारीख, महिना दाखवायचं, सहाच्या आकड्याजवळ चंद्राची कोरसुद्धा सरकायची. ज्या चावीच्या घड्याळाची ती नक्कल, त्याच्या किमतीत आमच्या सासऱ्यांचा सुतारकामाचा अख्खा कारखाना आला असता आणि वर सुट्टे परत मिळाले असते. आता सेलचं घड्याळ वापरण्यात कमीपणा कसला? देवाचा सूर्य काही मनगट बघून उगवत नाही. पण दादा सांगत सुटायचे, "चावीचं आहे. आत तीनशे पार्ट."

अडचण एकच. सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा टुकटुक उड्या मारतो, चावीच्याचा सलग सरकतो. जाणकाराला लगेच कळतं. म्हणून असा कोणी दिसला की दादा बाजूचं बटण हळूच बाहेर ओढायचे. काटा थांबायचा. "चावी उतरलीय," म्हणायचे. मिरवण्यासाठी घड्याळ बंद पाडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी शाळेच्या चारशे बाकांचं टेंडर होतं. ते गेलं तर आठातल्या चार कारागिरांना घरी बसवावं लागेल, असं सासऱ्यांनी सकाळीच सांगितलं होतं. बंद पाकीट तीनच्या आत सरकारी कचेरीतल्या पेटीत पडायला हवं. पाकीट दादांकडे; मी आणि टेम्पो चालवणारा कारागीर नमुन्याचा बाक वर चढवणार.

"दादा, मोबाइल गाडीतच राहिलाय तुमचा."

"घड्याळवाला माणूस मोबाइलमध्ये वेळ बघत नाही, साडूभाऊ."

बाक घेऊन व्हरांड्यातून जाताना पाहिलं, तर दुसऱ्या कारखान्याचा मालक दादांचं घड्याळ कानाला लावून उभा. स्वतःचं पाकीट त्याने केव्हाच टाकलेलं.

"आवाज येत नाही हो."

"चावी उतरलीय."

"असं होय. मग या चंद्राचं काय ते समजावून सांगा ना."

आणि दादा समजावायला लागले.

जड बाक, अरुंद जिना. मी खाली आलो तेव्हा कारकून पेटीवर लाख ओतत होता आणि दादा त्याच्याशी वाद घालत होते. "अजून वीस मिनिटं आहेत."

"तुमच्याकडे असतील. इथे तीन वाजून चार मिनिटं झालीत."

घड्याळाचं बटण तांदळाएवढं बाहेर आलेलं होतं. आत ढकलायचं राहूनच गेलं होतं. मालक जाता जाता म्हणाला, "वस्तू छान आहे. जपा."

कारखान्यात सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "ते सेलचं आहे ना? बटण ओढलं गेलं असेल. होतं माणसाच्या हातून."

यापेक्षा मोठं दार कोण कोणासाठी उघडतं? नुसतं 'हो मामा' म्हणायचं होतं.

"नाही मामा, चावीचंच आहे," दादा म्हणाले. "मलाच वेळेचं भान राहिलं नाही."

निष्काळजी ठरायला तयार. सेलवाला ठरायला नाही. मला त्यांची दया येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही.

सासरे म्हणाले, "बरं. मग त्या चौघांना तुम्हीच सांगा."

चौघं रंधे खाली ठेवून उभे राहिले. दादांनी घसा साफ केला. "काय झालं, वाटेत टेम्पो बंद पडला."

चौघांतला एक टेम्पो चालवणारा होता. त्याने दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शर्टावरचा भुसा झटकला, जेवणाचा डबा उचलला आणि बाहेर पडला.