दहावी रेघ

सायकल क्लबच्या हीथर फेरीच्या दिवशी मेंढवाड्यात बसून शिक्के मारायचं काम माझ्याकडे आलं, ते मला नाही म्हणता येत नाही म्हणून. सहा वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सायकल सुटली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू चालवा. मीच चालवली नाही. त्या वर्षी क्लबच्या सभेत कोणीतरी म्हणालं, "विल्कोला बसवा तिथे. जन्मभर ग्रंथालयात शिक्केच मारलेत त्याने." सगळे हसले. मीही हसलो, आणि काम माझं झालं.

फेरी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी असते. एकशे चाळीस किलोमीटर, बहुतेक कच्ची वाट. पाइनचं जंगल, तळ्यांच्या कडा आणि मधे हीथरच्या झुडपांचा माळ, त्या दिवसांत फुलांनी सगळा जांभळा. सायकली ग्रॅव्हलच्या, म्हणजे खडीवर चालणाऱ्या, रुंद टायरच्या. कोणाच्या जीपीएस यंत्रात कुठला मार्ग नोंदला गेला, हे आमच्या क्लबात विचारत नाहीत. प्रत्येकाजवळ पुठ्ठ्याचं कार्ड असतं, वाटेत पाच चौक्या, आणि चौकीवर शिक्का. कार्डाच्या मागे एक नियम छापलेला आहे. शंका आली तर चौकीवाल्याचा शब्द अखेरचा. सहा वर्षांत तो शब्द वापरायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आली असती तर मी तो वापरला असता की नाही, सांगता येत नाही.

माझी चौकी चौथी. तिच्या तीन किलोमीटर आधी वाट फुटते. फेरीची खरी वाट डावीकडे जाते, उघड्या माळावरून बारा किलोमीटर, नुसती वाळू. तिला आम्ही वळसा म्हणतो. उजवीकडची वाट तळ्याच्या काठाने, सावलीतून, थेट मेंढवाड्याशी येते. ती तीनच किलोमीटर. फाट्यावर कोणी उभं नसतं, दोरीही नसते. तरी कोण कुठून आलं, हे मला न विचारता कळतं. फुललेल्या हीथरमधून गेलं की बुटांवर फिकट राखाडी पूड बसते, मोज्यांपर्यंत चढते. तळ्याकडून आलं तर बूट स्वच्छ आणि टायरला काळा चिखल.

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर क्लबची लाकडी पाटी आहे. पूर्ण केलेल्या प्रत्येक फेरीला नावापुढे एक पांढरी रेघ मारतात. दहा रेघा झाल्या की ते नाव कायमचं. दहाच्या आत ज्याने सोडलं, त्याचं नाव पाच वर्षांनी खरवडून टाकतात, कारण पाटी लहान आहे आणि माणसं येत राहतात. माझ्या नावापुढे दहा रेघा आहेत. हिनर्कच्या नावापुढे नऊ होत्या.

हिनर्क माझा शेजारी, त्र्याहत्तर वर्षांचा. त्याने घर विकलं होतं. ऑक्टोबरमध्ये तो आणि त्याची बायको गेर्डा मुलीकडे ब्रेमेनला जाणार होते. वसंत ऋतूत कुंपणापलीकडून तो मला म्हणाला होता, "या वर्षी दहावी मारतो आणि मग जातो. निदान नाव तरी राहील इथे." एवढंच म्हणाला आणि पुन्हा बटाटे लावायला लागला. त्यानंतर तो रोज सकाळी सायकल काढायचा. मी खिडकीतून बघायचो.

त्या शनिवारी ऊन होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी स्वेन्या आली. ही गावातल्या बेकरीतली, जेमतेम तिशीची. पोटऱ्यांपर्यंत पुडीने माखलेली.

"काका, शिक्का सरळ मारा हं. गेल्या वर्षी उलटा मारलात, मी घरी डोक्यावर उभी राहून वाचला."

मी सरळ मारला.

"तुमच्या त्या शिंगवाल्या मेंढ्यांनी दहा मिनिटं वाट अडवली. मेंढपाळबाई म्हणते, घाई असेल तर त्यांनाच सांगा." तिने उभ्यानेच वाटाण्याचं सूप संपवलं. "आणि हिनर्ककाका फाट्यावर दगडावर बसलेत. मी थांबत होते, तर मला म्हणाले, तू हो पुढे, माझ्याकडे काय बघतेस. त्यांना अजून तास तरी लागेल. जपून ठेवा त्यांचं सूप."

ती गेली. मी पुस्तक उघडलं. एक पानही उलटलं नसेल, तेवढ्यात तळ्याच्या बाजूने चेन वाजली.

"काय रे पुस्तकातल्या किड्या, वाचतोयस की झोपलायस?"

हिनर्कने सायकल भिंतीला टेकवली आणि कार्ड टेबलावर टाकलं. "सूप आहे का? की तूच चाटून पुसून टाकलंस?"

मी कार्ड जवळ ओढलं. शिक्का शाईला लावला. मग त्याच्या पायांकडे पाहिलं. न पाहता मारला असता तर बरं झालं असतं, असं अजूनही कधीकधी वाटतं. त्याचे बूट निळे होते, आणि निळेच दिसत होते. मनात आलं, पुसले असतील. गवतात थांबला असेल. मग टायरकडे पाहिलं.

"हिनर्क, तू कुठून आलास?"

"चंद्रावरून. कुठून येणार?"

"बूट स्वच्छ आहेत तुझे."

तो स्वतःच्या बुटांकडे असा बघत राहिला, जणू ते कोणीतरी त्याच्या पायांत घालून गेलं होतं. मग समोरच्या गवताच्या गासडीवर बसला.

"फाट्यावर पाय उचलेनात," तो म्हणाला. "वाळू नुसती दिसली आणि मांड्या थरथरायला लागल्या. आणि तळ्याकडे उतार आहे."

"हो."

"नऊ वेळा केलाय मी तो वळसा. कुठे कुठलं झाड आहे, ते झोपेत सांगेन. आज केला नाही म्हणून माळ काय रुसून बसणार आहे? मार शिक्का."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या सातव्या फेरीच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. फाट्यावर मी एकटा होतो. चष्म्यातून दिसत नव्हतं, थंडी वाजत होती, आणि मी उजवीकडे वळलो. हिनर्कसारखा दगडावर बसलोसुद्धा नाही. पावसात पूड उडत नाही, आणि चिखल सगळ्यांच्याच टायरला होता. इथे तेव्हा अल्केबाई बसायच्या. त्यांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि शिक्का मारला. पुढे दहा झाल्या, कॉफी झाली, बकव्हीटच्या पिठाचा केक कापला गेला. मी कोणाला काही बोललो नाही. बोलायचा विचार दर वर्षी करायचो.

म्हणजे नाही म्हणायचा अधिकार असलाच, तर तो माझा नव्हता. पण शिक्का माझ्याच हातात होता. हो म्हटलं, तर तळ्याकडून आलेली दोन नावं त्या पाटीवर कायमची राहणार होती, आणि हे माहीत असणारा मी एकटाच असणार होतो. हेही मी नंतर जुळवलेलं कारण असेल. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "नाही मारता येणार."

"काय?"

"वळसा झालेला नाही."

हिनर्क हसला. मग मी हसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"आयुष्यात कोणाला नाही म्हणाला नाहीस," तो म्हणाला. "ग्रंथालयात लोक पुस्तकं घेऊन पळायचे, त्यांना दार उघडून द्यायचास. आणि आज मीच सापडलो?"

"चौकी चारला बंद होते," मी म्हणालो. त्याची गरज नव्हती.

"माहीत आहे मला."

त्याने कार्ड उचललं, नळावर बाटली भरली, सुपाकडे बघितलंही नाही. सायकलवर बसताना त्याचा पाय दोनदा घसरला. मी उठलो, पुन्हा बसलो. तो तळ्याच्या वाटेने परत गेला. त्याच बाजूने पुढे गावाचा रस्ताही लागतो.

चार वाजता मी अल्केबाईंना फोन केला. आता त्या क्लबच्या अध्यक्ष आहेत.

"एक जण बाहेर आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"हिनर्क."

"शिक्का दिलास?"

"नाही."

"मग तू थांब तिथे," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. शिक्क्याची डबी बंद केली, उघडली. सूप झाकून ठेवलं. त्याला काही झालं असेल तर काय, हा विचार साडेचारला आला आणि मग गेला नाही. गेर्डाला फोन करायला हवा होता. तिला काय सांगायचं ते ठरेना, म्हणून केला नाही.

साडेपाचला मेंढ्या घरी आल्या. मेंढपाळ तालेया मागून काठी टेकत आली. मी टेबल भिंतीशी सरकवलं, आणि राखाडी पाठी माझ्या दोन्ही बाजूंनी आत शिरल्या.

"अजून इथेच?" तिने विचारलं. "मागून एक म्हातारा सायकल ढकलत येतोय. वळशातल्या वाळूला शिव्या देतोय, मग फुलांना, मग कोणा विल्कोला. तुमच्यापैकीच ना?"

"हो," मी म्हणालो. "विल्को मीच."

"मग मी जाते," ती म्हणाली, आणि कुत्र्याला घेऊन घरी गेली.

हिनर्क सहाला दहा कमी असताना आला. गुडघ्यापर्यंत राखाडी, कोपरही राखाडी, म्हणजे कुठेतरी पडला होता. कार्ड टेबलावर ठेवलं. मी शिक्का मारला आणि शेजारी वेळ लिहिली, पाच पन्नास. चारनंतरचा शिक्का फेरीत धरत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने वेळ वाचली, मान हलवली आणि कार्ड खिशात घातलं.

मग गार सूप खायला लागला. एक मेंढी त्याच्या पाठीला डोकं घासत होती.

"माझ्या सातव्या फेरीला पाऊस होता," मी म्हणालो.

"दिवसभर. माझा ब्रेक गेला होता."

"मी तळ्याकडून आलो होतो."

चमचा थांबला. त्याने वळून पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि मला परत पाठवलंस."

"हो."

"त्या वाळूत. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला."

"हो."

त्याने मला एक शिवी दिली. ती मी चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. मेंढ्या बसल्या. मी डब्यातली चीजची सुरी घेतली, खुर्चीवर एक गुडघा टेकवला आणि माझ्या नावापुढची सातवी रेघ खरवडायला लागलो. रंग जुना होता, निघेना. सुरी सटकत होती.

"त्या सुरीने दहा वर्षं लागतील," हिनर्क मागून म्हणाला. "हा घे."

त्याने खिशातला चाकू उघडून पुढे केला. त्याला धार होती. रेघ तीन ओढींत गेली. खालचं लाकूड कोरं निघालं.

"आता तुझंही नाव जाईल," तो म्हणाला. "किती वर्षं झाली तू सोडून? सहा?"

"सहा. म्हणजे या वर्षीच्या सभेत काढतील."

"चालवलीस तर नाही काढणार."

मी चाकू मिटून त्याला दिला.

"पुढच्या फेरीला ब्रेमेनहून रेल्वेत सायकल आणता येते," हिनर्क म्हणाला. "तिकीट वेगळं काढावं लागतं, एवढंच. गेर्डाने चौकशी केली होती, मी तिच्यावर ओरडलो होतो." त्याने वाडगा पुसला. "गुडघा वाकतो का तुझा?"

"वाकतो."

"किती?"

मी खुर्चीला धरून उभा राहिलो आणि मेंढ्यांमध्ये गुडघा वाकवून दाखवला. त्याने वाकून, नीट, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"अजून थोडा."

मी अजून थोडा वाकवला.

"होईल," तो म्हणाला, आणि भांड्यात आणखी सूप आहे का ते विचारलं.