गार न होणारा माठ

सिरसाळ्यात जीपमधून उतरले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. आमचं किराणा दुकान अर्ध्या शटरवर होतं आणि आत दादा, म्हणजे माझा भाऊ वीरेश, गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकत बसला होता. अपेक्षावैनी कशी आहे विचारलं, तर म्हणाला, लई मजेत हाय, आईनं तिची पार राणी करून ठेवलीय, चोवीस तास कूलर.

दुकानाच्या मागे आमच्या राहायच्या खोल्या आहेत. वैनीच्या खोलीचं दार उघडलं तशी तोंडावर कोमट, दमट हवा आली, कुकरचं झाकण काढल्यासारखी. खिडकीवर दुहेरी गोणपाट, त्यावर प्लास्टिकचा कागद, कडांना चिकटपट्टी. दरवर्षी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असणारा कूलर या वर्षी खोलीच्या आत, पलंगाच्या पायथ्याशी उभा होता आणि पूर्ण वेगानं फिरत होता.

वैनीला गरोदरपणाचा तेहतिसावा आठवडा चालू होता. चेहरा लाल, ओठ सुकलेले, आणि अंग इतकं ओलं की गाऊन पाठीला चिकटलेला. मी शेजारी बसले. तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"शिवाताई, सकाळपासून हललं न्हाई," ती म्हणाली. "आईला सांगू नका."

शेवटचं कधी हललं, असं मी विचारलं. चहाच्या आधी, म्हणजे सहाला. सात तास झाले होते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, डॉक्टर नाही. पण आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी सांगितलेलं मला पाठ होतं: डाव्या कुशीवर झोपायचं, मोजायचं, आणि दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर दवाखाना गाठायचा. इथं मोजायला काहीच नव्हतं. कपाटातलं थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवलं. शंभर पॉइंट नऊ. मी दुकानात जाऊन दादाला जीप बघायला सांगितली. त्याचा हात गुळावरच थांबला. त्यानं जीपवाल्या त्रिंबकला फोन लावला. त्रिंबक परळीला सवारी सोडायला गेलेला, यायला अर्धा तास. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पाऊण तास सांगितला. दादानं त्रिंबकलाच लवकर ये म्हणून बजावलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. जीप कशाला ते कळल्यावर ती दारात आडवी उभी राहिली.

तिचं म्हणणं साधं होतं. ऊन उतरू दे, पाच वाजता न्या. आत्ता उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. हे हट्टानं म्हणत नव्हती ती. मागच्या मे महिन्यात केजला मामाच्या घरचं लग्न होतं, वैनीला सहावा लागलेला, आणि सुनेनं यायलाच पाहिजे असं आईनंच धरलं होतं. भरउन्हात, खच्चून भरलेल्या जीपमधून सगळे परत आले. रात्री वैनीला ताप चढला आणि चौथ्या दिवशी पोट रिकामं झालं. तेव्हापासून आमच्या घरात झळ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं.

या वर्षी आईनं कूलरपुढे उभं राहून पाहिलं, की तो बाहेरची हवा आत ओढतो. बाहेरची हवा म्हणजे झळ. म्हणून तिनं कूलर आत घेतला आणि खिडकी बुजवली. निरीक्षण बरोबर होतं. पायावर सूज दिसली तेव्हा अंगात पाणी जास्त झालं असं तिला वाटलं, म्हणून पाणीही वाटीनं मोजून देऊ लागली.

मी तिला समजावलं की कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो. बंद खोलीत हवा वाफेनं भरली की पुढे पाणी उडतच नाही, घामही उडत नाही, आणि वरून पत्रा तापवतच राहतो. दोरीवरचा टॉवेल दाखवला. कालचा होता, अजून ओला. आमच्या गावात मे महिन्यात टॉवेल वाळायला दहा मिनिटं लागत नाहीत.

"तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव," आई म्हणाली. "मागल्या साली वाऱ्यानंच नेलं. म्या तिला लग्नाला नेलं, म्या. आता खिडकी उघडून पुन्यांदा म्याच नेऊ?"

वैनीनं डोळे मिटून घेतले. मी वैनीला तांब्याभर पाणी द्यायला पलंगाशेजारचा माठ वाकवला. पाणी कोमट होतं.

"त्या मुंजाजीचा मुडदा बशिवला," आई वैतागून म्हणाली. "दुसरा माठ हाय ह्यो. दोन्ही फसवे निघाले. पयला तर मागं कडुलिंबाखाली फेकला, पाखरांना."

मी तशीच तांब्या घेऊन मागच्या दारानं परसात गेले. ऊन डोळ्यांत शिरलं. कडुलिंबाच्या बुडाशी, मातीत अर्धा रुतलेला, मुंजाजी कुंभाराचा पहिला माठ होता. त्याच्या पोटावर ओल धरली होती आणि गरम वारा सरळ त्याच्यावर येत होता. दादानं सकाळीच पाखरांसाठी त्यात पाणी ओतलेलं. मी हात बुडवला आणि लगेच बाहेर काढला, इतकं गार होतं. मग तांब्या भरून आत नेला आणि आईच्या हातात दिला.

आई प्यायली नाही. नुसता तांब्या धरून उभी राहिली. मग तो गालाला लावला.

"ह्यो तोच?"

"तोच. फसवा."

ती स्वतः परसात गेली, अनवाणी. माठाला हात लावला, वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली, परत आत आली, आणि आतल्या माठाला हात लावला. अख्खं आयुष्य तिनं उन्हाळ्यात माठ वाऱ्याच्या तोंडी ठेवला होता. हे मला तिला शिकवायचं नव्हतंच.

"वीरेश," ती म्हणाली, "बाज बाहेर काढ."

कडुलिंबाच्या दाट सावलीत बाज टाकली. वैनीला दोघांनी धरून आणलं, डाव्या कुशीवर निजवलं. मी साडी भिजवून तिच्या अंगावर घातली. वारा गरमच होता, पण साडीवरून गेला की तिच्या अंगावर काटा येत होता. ती पाणी प्यायली, एक तांब्या, मग अर्धा. आईनं वाटी शोधली नाही. मी पोटावर हात ठेवून घड्याळ बघत राहिले. एक चाळीस. एक पन्नास. थर्मामीटर शंभरावर उतरलं. पोट स्थिर होतं.

दोनला पाच कमी असताना माझ्या तळहाताखाली काहीतरी सरकलं. माझीच नाडी असेल असं वाटलं, म्हणून मोजलं नाही. पण वैनीनं डोळे उघडले होते.

"एक," ती म्हणाली.

दुसरं आलं नाही. तेवढ्यात त्रिंबकचा हॉर्न वाजला. हललं ना, मग आता कशाला, असं दादाच म्हणाला. आईनं त्याला हातानंच बाजूला केलं. जीपच्या मागच्या बाकावर वैनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून, दोन्ही खिडक्या उघड्या, अंगावर ओली साडी. आई समोर बसली होती, आणि तिच्या मांडीत तो मातीनं माखलेला माठ होता. खड्ड्यात जीप आदळली की पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं आणि ती माठ आणखी घट्ट धरत होती. परळी येईपर्यंत मी तीन मोजले. चौथ्याची खात्री नव्हती, म्हणून तो धरला नाही.

दवाखान्यात नर्सनं पोटावर यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. तिनं जागा बदलली. पुन्हा खरखर. आईनं भिंत धरली. मग आवाज आला, घोडा धावल्यासारखा, आणि नर्सनं आकडा लिहिला: एकशे अठ्ठावन्न. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, तो बरोबर निघाला. अंगातलं पाणी कमी झालंय, सलाईन लावू, रात्रभर इथंच ठेवू, असं त्या म्हणाल्या. धोका टळला असं मात्र म्हणाल्या नाहीत. सकाळी सांगू, म्हणाल्या.

आईनं माठ पलंगाखाली ठेवला होता. थोड्या वेळानं उठून तिनं तो खिडकीत नेला, वाऱ्याला, आणि खिडकीची दोन्ही दारं उघडली. मग डॉक्टरीणबाईंकडं वळून हळूच विचारलं, "पाणी किती देऊ हिला?"

"मागेल तितकं."

आईनं पेला भरला. वैनीनं मागितला नव्हता.