इस्तंबूलच्या बंदरातला मुलगा

सुकन्याला बघायला आलेला मुलगा गादीवर नव्हता, गादीवर ठेवलेल्या फोनमध्ये होता. तांब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि त्याच्यापुढे रीतसर पोह्यांची बशी ठेवली होती. उमरीहून आलेल्या पाहुण्यांना बश्या दिल्या, मग मुलालाच तेवढं कसं वगळायचं, असा लातूरच्या त्या घराचा सरळ विचार होता. पोहे गार होत होते आणि मुलगा त्यांच्याकडे बघून आदबीने हसत होता.

हरिओम परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. जहाज त्या दिवशी सकाळी इस्तंबूलला लागलं होतं आणि दुपारून सुटणार होतं. समुद्रात फोन धड लागत नाही, सुट्टीवर यायला अजून सात महिने, आणि सुकन्याला सव्विसावं लागलेलं. तेव्हा मध्यस्थांनी तोड काढली की जहाज थांबलेलं असतानाच मुलगी दाखवून घ्या आणि दोन्हीकडून होकार आला की लगेच सुपारी फोडा. पाहुण्यांनी सुपारी आणि नारळ पिशवीत घालूनच आणले होते.

"मनातून नसंल तर आजच सांग," तिचे वडील शेषेराव सकाळीच म्हणाले होते. "मागनं तोंड पाडून बसायचं न्हाई." सांगायला ती तयार होती, पण फोनवरच्या अर्ध्या तासात माणूस ओळखायचा कसा? याआधी तीन मुलं प्रत्यक्ष येऊन याच गादीवर बसली होती आणि तिघांनीही प्रत्येक उत्तर आईच्या तोंडाकडे बघून दिलं होतं. आणखी एक तसला नको, एवढंच तिचं ठरलेलं होतं.

कार्यक्रम सुरू करायच्या आधी हरिओमच्या आत्या, केवळाबाई, पुढे सरसावल्या. शुभकार्यात मुलाचं कपाळ कोरडं राहतं म्हणजे काय! हरिओमचे वडील जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे त्याची आई साखराबाई मागेच बसल्या होत्या. हा मान आत्याचा. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि फोनच्या कपाळावर, वरच्या कडेला बरोब्बर मधोमध, चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मग सगळ्यांनी समाधानाने पोहे खाल्ले.

प्रश्न सुरू झाले. काम कसलं? जहाजावर रोज किती माणसं जेवतात? दारूबिरू? हरिओम "हाव मामा", "न्हाई मामा" करत राहिला. शेषेरावांना इस्तंबूल म्हटल्यावर राहवलं नाही. "आपल्या निजामाच्या सुना तिथल्याच राजघराण्यातल्या बरं का," असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. सुकन्या मान खाली घालून बसली होती खरी, पण तिची नजर फोनवरच होती. मुलाच्या पाठीमागे पाणी होतं, पाण्यापलीकडे उंच घुमट आणि मनोरे, मधूनच एखादा पांढरा पक्षी आडवा जात होता. हा गडी मात्र पाठ करून उभा. जगभरातली माणसं पैसे मोजून जे बघायला येतात त्याच्याकडे याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. सुकन्याला त्याचा चक्क राग आला.

"मुलगी बघितलीस ना रे? मग, पसंत हाय का?" केवळाबाईंनी विचारलं.

"हाव आत्या. चांगली हाय."

सांगताना त्याची नजर भलतीकडेच होती. न बघताच हो! चौथाही तसलाच निघाला म्हणायचा. शेषेरावांनी लेकीचा चेहरा ओळखला असावा. "दोघांना जरा बोलू द्या," म्हणून त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि ती तो घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तिथल्या उजेडात तिला दिसलं. कुंकवाचा तो ठसठशीत टिळा बरोबर कॅमेऱ्यावरच बसला होता. तिने पदराचं टोक घेतलं आणि फोन स्वच्छ पुसला.

"आत्ता दिसलात," हरिओम म्हणाला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला.

"मग इतका वेळ काय दिसत होतं?"

"लाल. नुस्तं लाल."

"आणि तरी पसंत आहे म्हणालात?"

तो ओशाळला. "चुकलंच माझं. पण काय करणार? आईसमोर कसं म्हणू, कुंकू पुसा म्हणून? पप्पा गेल्यापास्नं घरात तो शब्दबी कुणी काढत न्हाई."

सुकन्याचा राग निम्मा उतरला, आणि आपण घाईने चिडलो याची तिला लाज वाटली.

"जहाजावर कधी परतायचं?"

"दोन तासानं."

"काय काय बघितलंत तिथलं?"

"कायच न्हाई. ह्याआधी तीनदा आलो, तिन्ही येळा खाली कणीक मळून राहिलो. ह्या खेपेला सोबत्याची रात्रपाळी अंगावर घेतली, तवा उतराय मिळालं. ह्या कार्यक्रमासाठी."

"कार्यक्रम नसता तर कुठं गेला असतात?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. "हसाल तुमी," तो म्हणाला. "जमिनीखाली पाण्याचं टाकं हाय हितं. आपल्या हौदावानी न्हाई बरं. शेकडो खांब, वर कमानी, राजवाडाच जणू. दीड हजार वर्षं झाली म्हणं बांधून. वर माणसं चालून राहिलीत, गाड्या पळून राहिल्यात, आन् खाली पाणी. पयल्यांदा ऐकलं तवापास्नं डोक्यात बसलंय. तुमी लातूरच्या, म्हणून तुमाला सांगून राहिलो."

सुकन्या हसली नाही. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात ती शाळेत होती. टँकरचा आवाज आला की हातातलं पुस्तक टाकून कळशी घेऊन पळायची, आणि कळशी भरली की उचलण्याआधी वाकून आतल्या पाण्याकडे बघत राहायची. आई ओरडायची, तरी बघायची. पाण्यासाठी राजवाडा बांधणारी माणसं या जगात होऊन गेली, हे ऐकून तिला एकदम भरून आलं.

"लांब आहे का ते?"

"पूल वलांडला की हायच. ट्राम जाती."

"मग जा."

"आत्ता? आन् हे?"

"हे झालं की. इथलं मी बघते."

"आई काय म्हणंल? आत्या तर..." त्याने बोलता बोलता मागे वळून पलीकडच्या घुमटांकडे पाहिलं. आता हा आईला बोलवा म्हणणार, सुकन्याला वाटलं. म्हणाला की संपलंच सगळं. पण तो पळत सुटला.

फोन बंद करायचंही त्याला भान राहिलं नव्हतं. पडद्यावर आधी आभाळ आलं, मग फरसबंदी, मग उलटी झालेली माणसं, कुणाची तरी छत्री, आणि त्या सगळ्यावर त्याच्या धापा. तो काहीतरी पुटपुटत होता, बहुधा लोकांना बाजूला व्हायला सांगत होता, तेही मराठीत. ज्या चहाच्या दुकानासमोर तो उभा होता, तिथल्या फुकटच्या वायफायची हद्द संपली तसा त्याचा अर्धा बूट पडद्यावर गोठला आणि फोन कट झाला. सुकन्या एकटीच हसली.

"अगं माय! पोरीनं कुंकू पुसलं की वं! फोनबी ठिवला!" दारात केवळाबाई उभ्या होत्या. त्यांनी तिथून सगळं पाहिलं होतं, ऐकलं मात्र काहीच नव्हतं. बघता बघता सगळं घर स्वयंपाकघरात जमलं. नारळ पुन्हा पिशवीत गेला. शेषेराव घाम पुसू लागले.

"कॅमेऱ्यावर आलं होतं, म्हणून पुसलं," सुकन्या म्हणाली. "आणि मी त्यांना शहर बघायला पाठवलंय. इतक्यांदा जाऊन त्यांनी काहीच बघितलं नव्हतं."

"पाठवलंय म्हंजी? आन् बैठक अर्धी टाकून त्यो गेला?" केवळाबाईंना हे पटेना. "लावा वं वयनी त्याला परत फोन!"

साखराबाईंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "बारका होता तवा सारखा विचारायचा, आई, नदी कुटं जाती, रेल्वे कुटं जाती," त्या म्हणाल्या. "मग त्याचे पप्पा गेले. तवापास्नं आमी त्याला नुस्तं हे कर, ते कर म्हणून राहिलो. जा, बघून ये, आसं कुणीच म्हणलं न्हाई. मीबी न्हाई." त्यांनी पदर डोळ्याला लावला.

शेषेरावांना मात्र पोरीची काळजी. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मंडळी ताटकळलीत बाळा. काय सांगू त्यास्नी?"

"माझं हो आहे म्हणून सांगा."

"आगं, आसं कसं? तू जा म्हणालीस आन् त्यो तुला सोडून खुशाल गेला की!"

"गेला नाही पप्पा," सुकन्या म्हणाली, "पळाला."