बाटलीतली तांबूस शेवंती

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. तुमच्या घरी लोणचं ठेवतात ना, तशीच. पण माझ्या पोटात लोणचं कधी पडलं नाही. कोल्हापूरजवळ उचगावात फुलझाडांची रोपं वाढवणारी एक लॅब आहे. तिथे माझ्यात साखर आणि क्षारांची जेली ओतत, मोठ्या कुकरमध्ये मला वाफवत आणि मग त्या जेलीवर नखाएवढा हिरवा कोंब ठेवत. वाढीच्या खोलीत माती नव्हती, ऊन नव्हतं, नुसते पांढरे दिवे. शेकडो बाटल्या रांगेत उभ्या. मला वाटायचं, आपण एका स्वच्छ तळ्याच्या तळाशी आहोत आणि कोंब झोपेतच मोठे होताहेत.

कोंब कापून बाटलीत ठेवायचं काम स्वप्नालीताई करायच्या. चिमणाबाई बाटल्या धुवायच्या. त्यांच्या हाताला साबणाचा वास यायचा.

एका पावसाळ्यात शिरोळहून आक्काताई आल्या. त्यांच्या हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं शेवंतीचं एकच रोप होतं. त्यांच्या पिवळ्या शेवंतीत एका झाडाला आपोआप तांबूस फुलं आली होती, मावळतीच्या आभाळासारखी. त्याच झाडापासून त्यांनी वाफा वाढवला. पण कृष्णेचं पाणी शेतात चढलं.

"चार दिस पाणी उभं हुतं," आक्काताई म्हणाल्या. "एवढंच ऱ्हायलंय. हा रंग दुसऱ्या कुनाकडं न्हाय."

"मुळं कुजलीत हो आक्का," स्वप्नालीताई म्हणाल्या. "बघते मी."

"नुसतं बघू नगंस पोरी, वाचीव की!"

स्वप्नालीताईंनी त्या रोपाचे नऊ कोंब नऊ बाटल्यांत ठेवले. आठवड्याभरात आठ बाटल्यांत बुरशी पसरली. उरले मी एकटी. माझ्यातला कोंब मात्र पान उलगडत होता. मी त्याला जपत होते, म्हणजे दुसरं काय करणार, नुसती निश्चल उभी राहत होते.

मग एका सकाळी माझ्याही जेलीच्या कडेला पांढरा ठिपका दिसला. बुरशी लागलेली बाटली लगेच बाहेर काढायची, हा तिथला नियम.

ताईंनी मला स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीजवळ नेलं. कोंबाचं मोहरीपेक्षा लहान टोक त्यांनी कापलं आणि नव्या बाटलीत ठेवलं. "जगेल कदाचित," त्या चिमणाबाईंना म्हणाल्या, "पण मावशी, इतकं बारीक कापलं की कधी कधी रंग हरवतो."

मी रिकामी झाले. धुताना चिमणाबाईंना माझ्या काठाचा टवका उडालेला दिसला. बुरशी तिथूनच शिरली असेल का? ते मला अजून खुपतं. आता माझं झाकण घट्ट बसणार नव्हतं. चिमणाबाईंनी मला फेकलं नाही. "ऱ्हाऊ दे, कामाला येईल," म्हणत त्यांनी मला शेडनेटमध्ये नेऊन ठेवलं, रोपांच्या नावांच्या पट्ट्या माझ्यात उभ्या केल्या.

तिथे मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं, तेही हिरव्या जाळीतून, स्वप्नात दिसावं तसं. तो मोहरीएवढा जीव जगला होता. त्याला पुन्हा पुन्हा कापून दहा रोपं झाली, मग शंभर. बाटलीतून बाहेर आल्यावर निम्मी सुकून गेली. चिमणाबाई उरलेल्यांवर दिवसातून पाच वेळा पाण्याचे बारीक फवारे मारत.

पुढच्या थंडीत फुलं आली. पिवळी. सगळीकडे पिवळीच! ताई खाली बसल्या, त्यांचे डोळे भरले. फुलं बघायला आलेल्या आक्काताई मात्र वाकून एकेक ओळ बघत चालल्या. अगदी मागच्या ट्रेपाशी त्या थांबल्या.

"स्वप्नाली, हिकडं ये."

तीन रोपांवर मावळतीचा रंग होता.

ताई हसत रडायला लागल्या. "ही तिन्ही घेऊन जा आक्का. पिवळी राहू देत इथंच."

"का म्हणून?" आक्काताई जोरात म्हणाल्या. "पिवळी बी माझीच हायत की!"

त्यांनी सगळे ट्रे टेम्पोत चढवले.

मित्रांनो, तुमच्या अंगणात असं एखादं कोवळं रोप आलं, तर पहिले काही दिवस त्याला सावलीत ठेवा, थोडं थोडं पाणी द्या. आणि हव्या त्या रंगाचं फूल आलं नाही, म्हणून त्याला उपटून टाकू नका. तेही कुणीतरी जिवापाड जपून तुमच्यापर्यंत पोचवलेलं असतं.