कनातीची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी कनात आहे. कनात म्हणजे जाड कापडाची उभी भिंत. मोहल्ल्याचे तंटे जिथे मिटवतात, त्या बैठकीच्या खोलीत मी मधोमध बांधलेली असते. माझ्या पुढे पुरुष, मागे बायका. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण दोन्ही बाजूंचं ऐकून जे शिकले ते मोठमोठ्या शहाण्यांनाही ठाऊक नसेल.

मला बायकांनीच शिवलं. माझ्याआधी त्यांना बैठकीत जागाच नव्हती. तिथे त्यांच्याबद्दल काय ठरलं ते घरी नवरा जेवताना सांगेल तेव्हा कळायचं. शिवताना केवढी मजा चालली होती!

"जाड शिव गं, नाहीतर ह्यांना माझी जांभई दिसायची."

"दिसू दे की! त्यांचं घोरणं तू रोज ऐकतेसच."

दुहेरी कापड, पक्की टीप. मी उभी राहिले आणि बायका आत आल्या. मला गर्व होता हो, का नसावा? येणारा जाणारा म्हणायचा, "ह्या कनातीनं अब्रू राखली." मीही ताठ उभी राहायचे.

पण आत आल्या म्हणजे बोलल्या असं नव्हे. बैठकीचे प्रमुख असलेल्या सदरसाहेबांनी नियम घातला होता. बाईचा आवाज परक्या पुरुषांच्या कानी पडायचा नाही. तिच्या बापाने, भावाने नाहीतर चुलत्याने मागे यायचं, तिचं ऐकायचं आणि पुढे जाऊन सांगायचं. तो सांगेल तेच तिचं म्हणणं.

एका शुक्रवारी नमाजानंतर इस्त्रीवाल्याची बायको माझ्यामागे येऊन बसली. तिला खुला हवा होता. खुला म्हणजे बाईने स्वतःहून मागितलेली सुटका. तो तिचा हक्क आहे, धर्मानेच दिलेला. तिने बाही वर केली. हातावर इस्त्रीच्या टोकाचे डाग होते, एक जुना, दोन ताजे. मागच्या सगळ्या बायकांनी पाहिले. पुढून कोणाला दिसणार? मी होते ना मध्ये!

तिचा थोरला भाऊ मागे आला. ती म्हणाली, "भाई, लग्नात मिळालेला माझा मेहर त्याला परत करते. मला सोडव. त्या घरात मी जगणार नाही."

भावाने डोळे पुसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुढे गेला आणि म्हणाला, "बहीण म्हणते, नवऱ्याला एकदा समज द्या. ती नांदायला तयार आहे."

मित्रांनो, मी कापड आहे, दगड नाही. माझ्यातून सगळं आरपार ऐकू येतं. मागच्या प्रत्येक बाईने ते ऐकलं. भावाच्या घरी लग्नाच्या दोन मुली होत्या. आत्या माहेरी येऊन बसली तर सोयरीक कोण जुळवणार, ही त्याची भीती. माणूस वाईट नव्हता म्हणे. असल्या चांगल्या माणसांनीच बायकांचे गळे जास्त कापले आहेत.

मुलींना धर्माचे पाठ शिकवणाऱ्या उस्तानीबाई तेवढ्या उभ्या राहिल्या. "खोटं आहे! एका बाईची तक्रार खुद्द अल्लाहने ऐकली, असं मी मुलींना कुराणातून शिकवते. आणि तुम्हाला ऐकायला लाज वाटते?"

"मागून आवाज कसला येतोय?" सदरसाहेबांनी विचारलं.

शेजारणींनीच उस्तानीबाईंचा हात ओढून त्यांना खाली बसवलं. "गप बसा, आमच्याही पोरी उजवायच्या आहेत."

मग इस्त्रीवाल्याच्या बायकोने स्वतः माझी कड मुठीत धरली आणि मोठ्याने म्हणाली, "नाही. मी जाणार नाही."

मग सदरसाहेब म्हणाले, "बिचारी रडतेय. तिला पाणी द्या."

नवऱ्याला समज दिली. त्याने मान हलवली. ती त्याच्यामागून सासरी गेली.

तेरा दिवसांनी मला उतरवून इस्त्रीवाल्याच्या अंगणात नेलं. स्टोव्ह भडकून ती जळाली, असं नवरा सांगत होता. मला चारी बाजूंनी उभं केलं आणि आत बायकांनी तिला शेवटची अंघोळ घातली. उस्तानीबाई पाणी ओतत होत्या. एका बाईला पाठीवर इस्त्रीच्या टोकासारखा डाग दिसला; तिने शेजारच्या बाईकडे बघितलं, पण बोलली कोणीच नाही. तेव्हाही नाही.

बाहेर भाऊ जमिनीवर डोकं आपटत होता. उस्तानीबाईंनी माझी कड बाजूला सारली. ओल्या हाताने त्याला आत यायची वाट दाखवली आणि म्हणाल्या, "ये ना. ऐक तिचं. आणि बाहेर जाऊन सांग, ती काय म्हणतेय."

तो उठला नाही.

मला धुवून पुन्हा बैठकीत बांधलं. अजून माझी टीप उसवलेली नाही. इतर वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. येत्या शुक्रवारी एक सतरा वर्षांची पोर माझ्यामागे बसणार आहे. तिला न विचारता तिचं लग्न ठरलंय, आणि तिच्या वतीने चुलता बोलणार आहे. तुमच्यापैकी कोणाचा तरी हात माझ्या दोरीपर्यंत पोचत असेल. बुधवारी या, गुरुवारी या. पण दोरी सोडून मला खाली टाका, आणि त्या पोरीला तिच्या तोंडाने बोलू द्या.