मेणाची डबी

आमच्या घरातून साबण गेला तो बहात्तर सालच्या श्रावणात, आणि मला न विचारता गेला. तसं मला विचारून त्या घरात कधी काही आलंही नव्हतं.

त्या वर्षी आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात एका जैन साध्वी माताजींचा चातुर्मास होता. पांढऱ्या साडीतल्या, हातात मोरपिसांची पिच्छी घेतलेल्या, दिवसातून एकदाच जेवणाऱ्या. रोज सकाळी मंदिरात त्यांचं प्रवचन असायचं. एक दिवस त्यांनी सांगितलं की बाजारातल्या कितीतरी साबणांत जनावरांची चरबी असते. तोंडाला लावायच्या स्नोमध्ये काय काय घालतात ते कुणी सांगत नाही. आणि बाया कुंकवाखाली जे मेण लावतात, ते पोळ्याला धूर देऊन, माश्यांचे जीव घेऊन काढलेलं असतं.

"मधाचा तर आपला त्याग आहे," त्या म्हणाल्या, "मग मेण कपाळावर कसं चालतं?"

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. शेजारच्या दोघीतिघींचाही गेला. तेवढ्यात पुढच्या ओळीतून माझ्या सासूबाई उठल्या. धापूबाई त्यांचं नाव. कापडदुकानवाल्या केशरीचंदांच्या घरधनीण म्हणून गावात त्यांना मान होता.

"वंदामि माताजी," त्या हात जोडून म्हणाल्या. "आजपासून माह्या घरात चरबीचा साबन येनार नाई. आमच्या बाया कुंकवाखाली मेन लावनार नाईत, तोंडाले स्नो लावनार नाईत. मले नियम द्या."

माताजींनी नियम दिला. बाया धन्य धन्य म्हणाल्या. नियम घ्यायला सासूबाईंना अर्धं मिनिट लागलं. पाळायला घरात नऊ माणसं होती, आणि त्या नऊ माणसांचं करायला मी.

सासूबाई ढोंगी नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. मुंगी दिसली तर पाऊल वळवणारी बाई. पाणी गाळून झालं की गाळण्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडायला स्वतः जायची. त्या दिवशी घरी येताच त्यांनी सगळ्यांच्या करंड्यांतलं मेण नखानं खरवडून एका पत्र्याच्या डबीत भरलं आणि डबी कोनाड्यात ठेवली. चातुर्मास संपला की जमिनीत पुरू म्हणाल्या. साबणाच्या वड्या गेल्या. माझ्या बाटलीतला स्नो गेला. पांढऱ्या काचेची, निळ्या झाकणाची ती बाटली मी माहेराहून, मंगरूळपीरहून आणली होती. सणावारी बोटाच्या टोकाएवढा स्नो लावायचे मी. आता बाटलीत जिरं ठेवलं, तरी झाकण उघडलं की मला तोच वास यायचा. मला तेव्हा रडू आलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी रडावं याची लाजही वाटली होती.

मग कामाला सुरुवात झाली. रिठे फोडायचे, बिया काढायच्या, भिजत घालायचे, उकळायचे, गाळायचे. अंगाला लावायला मसुरीचं पीठ दळायचं. भांड्यांना राख होतीच, पण आता ती चाळायची, तिच्यात जीव नाही ना ते बघायचं. कुंकू मेणाऐवजी खोबरेल तेलावर लावायचं. चुलीपुढे बसलं की ते दुपारपर्यंत भुवईवर उतरायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, "अवं, कपाळ पाह्य आरशात." दिवसातून चार वेळा मी कपाळ बघत होते. एरवी आरशात बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

रिठ्याच्या पाण्यानं साड्या स्वच्छ निघायच्या. पण पुरुषांची धोतरं आणि पोरांचे सदरे निघत नव्हते. म्हणून धुण्याचा सोडा आला. सोड्यात चरबी नसते. त्यात काय असतं ते लिलाबाईच्या हातांना कळलं.

लिलाबाई आमचं धुणं धुवायची. सहा वर्षं येत होती. बौद्धांची बाई, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, बोलायला मोजकी. मागच्या दारानं यायची, विहिरीजवळच्या दगडावर धुवायची, दोरीवर वाळत घालून मागच्या दारानंच जायची. दाराच्या आत तिचं पाऊल कधी पडलं नाही. तिनं वाळत घातलेल्या कपड्यांवर सासूबाई आधी पाणी शिंपडायच्या आणि मग ते घरात घ्यायच्या. ती कधी रेंगाळली तर तिला ते दिसायचं. तिला दिसतंय हे मलाही दिसायचं. पण मी कधी एक शब्द बोलले नाही.

त्या साली पाऊस आलाच नाही म्हणायला हरकत नाही. तिचा नवरा देवमन शेतमजूर. वावरातच काही नाही तर मजुरी कुठून मिळणार? तिच्या घरी चूल पेटत होती ती आमच्या धुण्यावर, हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, सहज.

विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. कमी पाण्यात सोडा नीट निघत नाही, तो हातांवर राहतो. पंधरा दिवसांत तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. महिन्याभरात तळवे फाटले. मी विहिरीवर पाणी भरायला गेले की ती हात पदराखाली घ्यायची.

भाद्रपदात पर्युषण आलं. दहा दिवस रोज पूजा, रोज पूजेचे वेगळे कपडे, धुणं दुप्पट. पाचव्या दिवशी सासूबाई दोरीखाली उभ्या राहून ओरडल्या. मामंजींच्या पूजेच्या धोतरावर काठाशी रुपयाएवढा तांबूस डाग होता.

"रक्त हाय हे. पूजेच्या धोतराले रक्त! लिला, काय केलं तू?"

लिलाबाई दगडाजवळ उभी. हात पदराखाली. मला माहीत होतं पुढे काय येणार. उद्यापासून येऊ नको, एवढंच. आणि त्या साली दुसरं धुणं तिला गावात मिळणार नव्हतं.

"माहं बोट कापलं होतं, बाईजी," मी म्हणाले. "धोतर भिजवाले म्याच देल्लं."

पर्युषणात खोटं बोलले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे. मी मूठ मिटली. त्या धोतर पुन्हा भिजवायला टाकून आत गेल्या.

दुपारी त्या मंदिरात गेल्यावर मी कोनाड्यातली डबी काढली. मेण खोबरेल तेलात कढवलं, गार केलं, पुन्हा त्याच डबीत ओतलं. माझी आई टाचांच्या भेगांना हेच लावायची. दुसऱ्या दिवशी लिलाबाईला ती डबी दिली.

तिनं झाकण उघडून वास घेतला. "हे मेन हाय. तुमाले त चालत नाई न हे?"

"तुमाले चालते," मी म्हणाले. "लावा."

तिनं तिथंच बसून लावलं. प्रत्येक बोट वेगळं धरून, सावकाश. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. चांगलं काम केल्यासारखं वाटलं. तिथंच माझं चुकलं. बरं वाटल्यावर मी थांबायला हवं होतं.

थांबले नाही. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी माताजी बायांच्या शंकांना उत्तरं देत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींत उठून उभी राहिले.

"वंदामि माताजी. आपन जीवाले त्रास द्यायचा नाई, दुसऱ्याकडून देववायचा नाई, देणाऱ्याले बरं म्हनायचं नाई, असं तुमी सांगता. आमी साबन सोडला. आता सोड्यानं धुणंवालीचे हात फाटून राह्यले. हा त्रास कोनी देल्ला?"

माताजींनी पिच्छी मांडीवर ठेवली. त्यांनी टाळलं नाही, हे मी आजही मानते.

"देवविणाऱ्यांनी दिला," त्या म्हणाल्या. "तुला काय करावंसं वाटतं, बेटा?"

मी काहीच ठरवून गेले नव्हते. तोंडाला आलं ते बोलले. "माहे कपडे मी दुसऱ्याकडून धुऊन घेनार नाई. मले नियम द्या."

माताजींनी नियम दिला. बायांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या उठल्या. सुनेच्या मागे राहणं त्यांना जमणारं नव्हतं, पण नुसतं तेवढंच नव्हतं; त्यांचे डोळे भरले होते.

"मलेई द्या," त्या म्हणाल्या. "माह्या घरातलं धुणं आता घरातच होईन."

घरी येताना त्या वाटेत म्हणाल्या, "बरं केलं तू बोलली. माह्या ध्यानातच नोतं आलं." माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. एवढं गोड त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मी खूष होते.

दुसऱ्या दिवशी लिलाबाई नेहमीच्या वेळी आली. विहिरीजवळ कपडे नव्हते. सासूबाई मागच्या दारात आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "लिला, तुह्या हाताचा त्रास संपला पाह्य. आमी नियम घेतला. आता धुणं आमीच धुवू. तुले यायची गरज नाई."

लिलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाईजी," मी घाईघाईनं म्हणाले, "दुसरं काम देऊ न लिलाबाईले. झाडलोट, फरशी, भांडी."

"आत घेऊ का तिले?" सासूबाई म्हणाल्या. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. आणि मागच्या दाराबाहेर धुण्याशिवाय दुसरं काम नव्हतंच. काल मंदिरभर बायांपुढे फुटलेला आवाज आज घराच्या दारात फुटला नाही.

सासूबाई आत गेल्या. लिलाबाई दगडाजवळ तशीच उभी.

"तुमच्यासाठीच बोलली मी, लिलाबाई," मी म्हणाले. "तुमचे हात..."

"हात दुखत होते, सूनबाई," ती म्हणाली. "पोट नोतं दुखत." मग हात पदराखाली घेत म्हणाली, "मले इचाराचं त होतं."

मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं, हे माझं दुःख मी आठ वर्षं कुरवाळत होते. तेच मी तिला केलं होतं, आणि वर त्याचं पुण्य घेऊन घरी आले होते.

"आता कसं करान?" मी विचारलं.

"वाशीमच्या रस्त्यावर खडी फोडाचं काम निघालं म्हनतेत. देवमन जाऊन राह्यला. मीई जाईन."

तिनं लुगड्याच्या ओच्यातून डबी काढली आणि दगडावर ठेवली. "अर्धं हाय अजून. आता तुमाले लागन."

आणि मागच्या दारानं निघून गेली. ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

डबी हातात घेऊन मी मागच्या गल्लीत धावले. खडी फोडायला चाललेल्या बाईला मेण जास्त लागणार, एवढं मला कळत होतं. गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. ती कुठल्या बाजूला गेली ते दिसलं नाही. तिचं घर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. सहा वर्षं ती रोज आमच्या घरी येत होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही राहता कुठे. डोक्यावरचा पदर सारखा करून मी परत आले.

घरातल्या धुण्याचं काय झालं ते सांगायला नकोच. सासूबाईंनी चार दिवस आपलं लुगडं स्वतः धुतलं, मग त्यांची कंबर धरली. पुरुषांनी नियम घेतलाच नव्हता. माझा नवरा शिखरचंद म्हणाला, "तूच बोलली न मंदिरात?" म्हणून नऊ माणसांचं धुणं माझ्याकडे आलं. रोज सकाळी मी त्या दगडावर बसत होते. दिवाळीपर्यंत माझ्या पेरांना चिरा पडल्या, पुढे तळवे फाटले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतकी थकत होते की वाईट वाटायलाही जोर उरत नव्हता.

चातुर्मास संपला, माताजी शिरपूरच्या वाटेनं गेल्या. डबी पुरायची होती हे सासूबाई विसरूनच गेल्या. पौषात मी माहेरी जायला निघाले. वाशीमपर्यंतच्या रस्त्यावर बस एका जागी हळू झाली. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, आणि उन्हात बसलेल्या बायांच्या रांगा. हातोडा पडत होता, दगड फुटत होता. त्यांतल्या एकीनं हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि ती एका मोठ्या दगडावर पुन्हापुन्हा घाव घालत होती. तोंड धुळीनं भरलेलं. लिलाबाईच होती.

डबी माझ्या पिशवीत होती. भेटेल कुठेतरी म्हणून मी ती जिथं जाईन तिथं नेत होते. ती काढून मुठीत धरली आणि दुसरा हात खिडकीतून बाहेर काढून मी हाक मारली. तिनं मान वर केली. माझा फाटलेला हात तिला दिसला असणार, कारण ती आधी हाताकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"मेन लावत नाई का सूनबाई?" ती ओरडून म्हणाली.

बसनं वेग घेतला. डबी माझ्या हातातच राहिली.