खडशीच्या मिशा

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी जोतीराम भोयाइतका मासे ओळखणारा माणूस नव्हता. पाण्यात नुसती पाठ हलली तरी मरळ की वांब, हे तो तोंडातली चिलीम न काढता सांगे, आणि कधी चुकत नसे. त्याचा त्याला भलता ताठाही होता.

देवळाखालच्या डोहात मात्र तो जाळं टाकत नसे. तिथले मासे देवीचे. त्यांत एक जुनी खडशी होती, रुपयाएवढ्या खवल्यांची, ओठांवर चार मिशा असलेली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या बनुबाईचा मुलगा सयाजी पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढाईला गेला, तेव्हा तिनं नवस बोलून आपल्या नथीची सोन्याची तार त्या खडशीच्या नाकात घातली. घालून दिली ती जोतीरामनंच. खडशी डोहात आहे तोवर सयाजी सुखरूप, एवढ्यावर ते घर तग धरून होतं. त्याचं पत्र येऊन आठ महिने झाले होते.

चैत्रात डोह आटत आला आणि एका सकाळी जोतीरामला खडशी उताणी तरंगताना दिसली. धुणं धुणाऱ्या बायांनी लांबूनच मेलेला मासा पाहिला आणि त्या बनुबाईला बोलवायला धावल्या.  जोतीरामनं मासा काठावर ओढला, नाकातली तार काढून कनवटीला लावली आणि विळ्यानं चारही मिशा मुळापासून छाटल्या. जन्मात पहिल्यांदा तो माशाला खोटं नाव देणार होता.

बनुबाई धापा टाकत आली. तिला काही विचारू न देता तो म्हणाला, "ही आपली न्हवं, आक्का. तांबीर हाय ह्यो. खडशीला मिशा असत्यात. ह्याला हायेत का, बघा तुमीच."

ती खाली बसली. माशाच्या ओठांवरून तिनं बोट फिरवलं. चार बारीक खुंट तिच्या बोटाला लागले. मग ते बोट वर सरकलं आणि नाकातल्या तारेच्या भोकाशी थांबलं. जोतीराम नदीकडे बघत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"व्हय. तांबीरच हाय," बनुबाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पदरानं डोळे पुसून तिनं घाटाच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिची सून सुला एकेक पायरी उतरत येत होती. कडेवर सयाजीनं अजून न पाहिलेलं पोर होतं.

"जोती," बनुबाई हळू आवाजात म्हणाली, "तिला बी आसंच सांग. माजं न्हाई पटायचं तिला. तू कवा चुकत न्हाईस."